सगळे हटके एकसारखेच का दिसतात?

२०१९ च्या फेब्रुवारी-मार्चची गोष्ट. ‘एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू’ या अमेरिकी नियतकालिकाने आपल्या संकेतस्थळावर एका संशोधनाबद्दल लेख दिला. चारचौघांपेक्षा वेगळं दिसायला निघालेली माणसं शेवटी एकमेकांसारखीच का दिसू लागतात, हा त्या संशोधनाचा विषय. सोबत एका तरुणाचा फोटो होता. चौकटीचा शर्ट, डोक्यावर लोकरीची टोपी, दाढी. थोड्याच दिवसांत संपादकांना एका वाचकाची संतापलेली मेल आली. हा फोटो माझा आहे, तुम्ही मला न विचारता छापलात, मी कायदेशीर कारवाई करीन. संपादकांनी फोटो जिथून विकत घेतला होता त्या ‘गेटी इमेजेस’कडे चौकशी केली. कागदपत्रांवर मॉडेलचं नाव दुसरंच निघालं. तक्रार करणाऱ्या तरुणाने भलत्याच माणसाचा फोटो स्वतःचा समजला होता.

मी बारावीला गणित शिकवते. हा किस्सा वर्गात सांगितला की पोरं पोट धरून हसतात, आणि हसून झाल्यावर हमखास एक जण विचारतो, ‘‘मॅडम, पण असं होतं कसं?’’ तो प्रश्न मला फार आवडतो, कारण त्याचं उत्तर फळ्यावर मांडता येतं.

अशा हटके माणसांना इंग्रजीत ‘हिपस्टर’ म्हणतात. आधी हिपस्टर म्हणजे कोण, ते थोडक्यात. हा शब्द १९४० च्या दशकात अमेरिकेत जॅझ संगीताच्या वर्तुळात रुळला. काळ्या वादकांची बोली, पेहराव, रात्रीचं जगणं आपलंसं करणाऱ्या तरुणांना तो लावला जायचा. साठच्या दशकातला ‘हिप्पी’ त्याच्यातूनच निघाला. पुढे हा शब्द मागे पडला आणि १९९० चं दशक संपता संपता न्यूयॉर्कमध्ये, ब्रुकलिनच्या विल्यम्सबर्ग भागात नव्याने उगवला. बंद पडलेल्या कारखान्यांच्या स्वस्त गाळ्यांमध्ये चित्रकार, वादक राहायला आले होते. त्यांच्याभोवती एक राहणी तयार झाली. दाढी, चौकटीचा शर्ट, जाड काड्यांचा चष्मा, गिअर नसलेली सायकल, जुन्या ध्वनिमुद्रिका, आणि ‘पाब्स्ट ब्लू रिबन’ ही कामगार वस्तीतली स्वस्त बिअर. सगळे जे करतात ते करायचं नाही, हा त्या राहणीचा गाभा. २००५ मध्ये शहराने तिथल्या नदीकाठच्या जमिनीच्या वापराचे नियम बदलले, काचेच्या उंच इमारती उभ्या राहिल्या, भाडी चढली. तोवर तीच दाढी आणि तोच शर्ट लंडन, बर्लिनपासून आपल्या पुण्या-मुंबईच्या कॉफीच्या दुकानांपर्यंत येऊन पोहोचला होता.

या मंडळींना ढोंगी म्हणायची पद्धत आहे. वेगळेपणाचा नुसता आव आणतात आणि मेंढरांसारखे एकामागून एक जातात, असं लोक म्हणतात. मला हे साफ चुकीचं वाटतं. त्यांचं वेगळं होण्याचं मन अगदी खरं असलं, एकानेही दुसऱ्याची नक्कल केली नाही, तरीसुद्धा ते एकसारखे दिसू शकतात. हे मी त्यांची कड घ्यायची म्हणून म्हणत नाही. ते गणितातून निघतं.

हे गणित, म्हणजे सुरुवातीच्या लेखातलं ते संशोधन, मांडलं जोनाथन तुबूल या फ्रेंच गणितज्ञाने. त्याचं मूळ काम मेंदूतल्या पेशींवरचं. मेंदूत काही पेशी शेजारणींना चेतवतात आणि काही त्यांना दाबतात, आणि एका पेशीचा संदेश दुसरीपर्यंत पोहोचायला थोडा वेळ लागतो. दाबणाऱ्या पेशी, त्यात हा उशीर, आणि तरीही कधीकधी असंख्य पेशी एका तालात धडधडू लागतात. ते कसं, याचा विचार करताना त्याच्या लक्षात आलं की समाजातही असे दोन स्वभाव असतात. काही जण बहुमताच्या मागे जातात, काही त्याच्या उलट. या दुसऱ्यांना त्याने सरळ ‘हिपस्टर’ म्हटलं आणि २०१४ मध्ये इंटरनेटवर निबंध प्रसिद्ध केला. निबंधाच्या नावाचा अर्थच असा, की ‘हिपस्टर परिणाम: चाकोरी मोडणारे सगळे एकसारखे दिसतात तेव्हा’. २०१९ मध्ये तो गणिताच्या नियतकालिकात छापून आला, तेव्हा तुबूल अमेरिकेत ब्रँडाइस विद्यापीठात होता.

निबंधातली समीकरणं अवघड आहेत. पण त्यांचा जीव एवढासाच आहे, तो मी वर्गात करते तसा इथे करून दाखवते.

दहा मित्र घ्या. प्रत्येकापुढे दोनच पर्याय, दाढी ठेवायची किंवा गुळगुळीत करायची. दहाही जण पक्के हटके, बहुमत जिकडे असेल त्याच्या उलट जाणारे. दाढी एका आठवड्यात वाढते, असं गणितापुरतं धरू. सुरुवातीला सहा गुळगुळीत, चार दाढीवाले.

पहिला प्रकार. सगळे टपरीवर समोरासमोर बसलेत आणि एकेक जण विचार करतोय. गुळगुळीतांपैकी एकाने बघितलं, आपण सहा जण आहोत, म्हणजे बहुमतात आहोत. त्याने दाढी ठेवायचं ठरवून टाकलं. झाले पाच आणि पाच. पुढच्याने बघितलं तर बहुमत कुठेच नाही. तो आहे तिथेच राहिला. खेळ संपला. पाच-पाचवर सगळं शांत, आणि कट्ट्यावर नजर टाकली तर छान मिसळण.

दुसरा प्रकार. आता ते दर रविवारीच भेटतात आणि पुढच्या रविवारचं प्रत्येक जण आपापल्या घरी, कुणाला न विचारता ठरवतो. सहाच्या सहा गुळगुळीतांच्या मनात एकच विचार येतो, की आपली बाजू भारी झाली आहे. सहाही जण दाढी वाढवतात. चार दाढीवाल्यांना वाटतं आपण अल्पमतात, उत्तम चाललंय. रविवारी टपरीवर बघावं तर दहाच्या दहा दाढ्या! दहाही जण घरी जाऊन वस्तरा फिरवतात. पुढच्या रविवारी दहाही गुळगुळीत. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा दहा दाढ्या. यात कुणी कुणाची नक्कल केलेली नाही. उलट प्रत्येकाने इतरांपासून दूर जायचाच प्रयत्न केला आहे.

आता तिसरा. भेटी बंद. एकमेकांची खबर चार आठवड्यांनी कळते. मग हे दहा जण चार रविवार सगळेच दाढीवाले राहतात आणि पुढचे चार रविवार सगळेच गुळगुळीत. वहीत मांडून बघा, अगदी असंच येतं. खबर जितकी शिळी, तितका वेळ ते एकसारखे राहतात, कारण आपण सगळे सारखे झालो आहोत हे कळायलाच तितका वेळ जातो.

उशीर नसेल तर विरोधी स्वभावाची माणसं आपसूक विखुरतात. उशीर एका मर्यादेपलीकडे गेला की तीच माणसं एका तालात झुलू लागतात. तुबूलने हे दहा माणसांपुरतं न ठेवता अमर्याद मोठ्या समुदायासाठी सिद्ध केलं. त्याने माणसांचे निर्णय माझ्या दहा जणांसारखे ताठ धरले नव्हते, त्यात लहरीपणाला जागा ठेवली होती. प्रत्येकाला खबर वेगवेगळ्या उशिराने मिळते, ही शक्यताही धरली होती.

घरच्या अनुभवातलं उदाहरण हवं असेल तर गीझर लांब असलेलं न्हाणीघर आठवा. नळ गरमकडे फिरवला, पाणी गारच. आणखी फिरवला, तरी गार. मग एकदम चटका. घाबरून उलटा फिरवला तर थोड्या वेळाने बर्फासारखं. दोष नळाचा नाही आणि आपल्या हाताचाही नाही. पाइप लांब आहे.

माझ्या भाचीच्या मुलाचं बारसं ठरलं तेव्हा घरात आठ दिवस एकच शब्द होता, हटके. नाव हटके हवं. आजोबांनी सुचवलेली प्रकाश, संजय, सुनील पहिल्याच फेरीत बाद. आई-बाबांनी याद्या चाळल्या, संस्कृत शब्द शोधले, सोसायटीत कुणाचं नाही, नात्यात कुणाचं नाही, याची खात्री केली आणि ‘विहान’ नक्की झालं. पेढे वाटले, कानात ‘कुर्र’ झालं, आत्याने नाव सांगितलं. तीन-चार वर्षांनी बालवाडीच्या स्नेहसंमेलनात बाईंनी माइकवरून ‘विहान’ अशी हाक मारली आणि रांगेतून तीन विहान एकदम पुढे आले. भाचीचा चेहरा खर्रकन उतरला. ‘‘अगं, आम्ही किती शोधलं होतं,’’ ती म्हणाली. मला तिचं इतकं वाईट वाटलं. तिने खरंच शोधलं होतं, आणि त्या दुसऱ्या दोन आयांनीही तितक्याच जिवाने शोधलं असणार.

चुकलं कुठे? भाचीने आजूबाजूला जी नावं बघितली ती चालत्या-बोलत्या मुलांची, म्हणजे दोन, चार, सहा वर्षांपूर्वी ठेवलेली. त्याच महिन्यात गावोगावच्या पाळण्यांत कोणती नावं ठेवली जात होती, हे तिला दिसणं शक्यच नव्हतं. तिचं घड्याळ तीन-चार वर्षं मागे होतं. आणि जे पाहून ती ‘विहान’पर्यंत पोहोचली तेच पाहून इतरही पोहोचले, कारण सगळ्यांसमोर त्याच याद्या आणि तोच आसमंत होता. टपरीवरच्या दहा मित्रांचंच हे झालं, फक्त रविवारच्या जागी वर्षं.

नावांवर पद्धतशीर अभ्यासही झालाय. जोना बर्जर आणि गाएल ल मॉं यांनी २००९ मध्ये फ्रान्स आणि अमेरिकेतल्या नावांच्या नोंदी तपासल्या. जी नावं झपाट्याने वर गेली ती झपाट्याने खालीही आली. आई-बापांना एकदम वर चढणारं नाव म्हणजे चार दिवसांची फॅशन वाटते आणि ते टाळतात, असं त्यांना दिसलं.

दाढीचाही अभ्यास झाला आहे, आणि तो तर थेट आपल्या विषयातला. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या झिनिया जानिफ, रॉब ब्रूक्स आणि बार्नबी डिक्सन यांनी लोकांना पुरुषांचे चेहरे दाखवून कोणता आकर्षक वाटतो ते विचारलं. गंमत अशी केली की काही जणांना आधी दाखवलेल्या चेहऱ्यांत दाढ्याच दाढ्या होत्या, काहींना जवळपास सगळे गुळगुळीत, काहींना मिश्र. ज्यांनी गुळगुळीतांची रांग पाहिली होती त्यांना दाढी जास्त आवडली. ज्यांनी दाढ्यांची रांग पाहिली होती त्यांच्या लेखी दाढीचा भाव उतरला. म्हणजे दाढीचं मोल दाढीत नाही, आजूबाजूला किती दाढ्या आहेत त्यात आहे. बाजारात आवक वाढली की भाव पडतो, तसं.

त्याच्याही आधी, १९७६ मध्ये, ड्वाइट रॉबिन्सन या अभ्यासकाने एक चिकाटीचं काम केलं होतं. ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ या साप्ताहिकात १८४२ ते १९७२ या १३० वर्षांत छापलेल्या पुरुषांच्या चित्रांत कल्ले, दाढ्या आणि मिशा मोजल्या. आधी कल्ल्यांची लाट, ती ओसरताना दाढीची, मग एकट्या मिशीची. हे कुणा अधिकाऱ्याने हुकूम काढून केलं नव्हतं. लाटा आपल्या आपण आल्या आणि गेल्या.

एक शंका इथे यायला हवी. समाजात सगळेच काही हटके नसतात, बहुतेक जण चारचौघांसारखे राहणारे असतात. मग ते हा झोका थांबवत नाहीत का? तुबूलने दोन्ही स्वभावांचा एकत्र विचार केला, आणि मला त्याच्या कामातला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. हटके माणूस चाकोरीपासून पळतो. चाकोरीतला माणूस बहुमत दिसेल तिकडे जातो, मग ते बहुमत हटके लोकांनी तयार केलेलं असो. म्हणजे एक पुढे पळतोय आणि दुसरा त्याच्या मागे. विल्यम्सबर्गची दाढी जगभरच्या कार्यालयांत पोहोचली ती अशी. आणि ती तिथे पोहोचली की पहिल्याला पुन्हा हलणं भाग पडतं. दोन गटांचं एकमेकांकडे असं जोरकस लक्ष असेल तर त्यामुळेही हटके मंडळी एका तालात येतात, हे त्याने दाखवलं.

या गणितात एक मोठं सोपेपण आहे, ते सांगायला हवं. दोनच पर्याय धरले आहेत. खऱ्या जगात दाढीचेच वीस प्रकार असतात, आणि कुणी दाढी केवळ आपल्या वडिलांची होती म्हणूनही ठेवतं. पण गणिती मॉडेलचं काम हुबेहूब चित्र काढण्याचं नसतं. एखादी गोष्ट घडायला कमीत कमी काय लागतं, हे त्याने सांगायचं. इथे उत्तर मिळालं, वेगळं व्हायची इच्छा आणि शिळी खबर. तिसरं काही लागत नाही.

निसर्गातही हे सापडतं. आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरात दुसऱ्या माशांचे खवले ओरबाडून खाणारा एक मासा आहे. त्याचं तोंड एका बाजूला वळलेलं असतं, कुणाचं डावीकडे, कुणाचं उजवीकडे. तो भक्ष्यावर मागून येतो आणि तोंडाच्या वळणाप्रमाणे एकाच कुशीवर हल्ला करतो. डाव्या तोंडाचे मासे वाढले की भक्ष्य त्या बाजूने सावध होतं आणि उजव्या तोंडाच्यांची चंगळ होते. त्यांची पिल्लं जास्त जगतात, काही काळाने उजवे वाढतात आणि फासा पलटतो. जपानी शास्त्रज्ञ मिचिओ होरी यांनी १९९३ मध्ये दाखवलं की त्यांचं प्रमाण निम्म्या-निम्म्याच्या आसपास खाली-वर झुलत राहतं. पिल्लाचा मोठा मासा व्हायला वेळ लागतो, तोच इथला उशीर. माशाला वेगळं दिसायची हौस नाही, आव आणणं तर नाहीच.

आणि आता कांदा. दाढी आणि टोपीत काय मोठं, असं वाटत असेल तर निफाड तालुक्यात यावं. माझे दाजी तिथे कांदा करतात. कांद्याचं गणित हिपस्टरच्या गणिताचं सख्खं भावंड आहे, फक्त इथे चूक झाली तर वर्ष जातं. उळे, म्हणजे कांद्याचं बी, टाकायचं, दीड-दोन महिने रोप वाढवायचं, मग लागवड, आणि पुढे चार महिन्यांनी काढणी. लासलगावच्या बाजारात आज दिसणारा भाव सहा महिन्यांपूर्वीच्या निर्णयांचा असतो, आणि आज टाकलेल्या उळ्याचा माल सहा महिन्यांनी येणार असतो. भाव चढला की सगळे कांद्याकडे वळतात, माल एकदम येतो, भाव कोसळतो. मग सगळे सोडतात, आणि पुढे टंचाई. जर्मनीत १९२८ मध्ये आर्थर हनाऊ याने डुकरांच्या बाजारात हेच चक्र आकडेवारीने दाखवलं होतं.

दाजी हुशार. ते म्हणायचे, ‘‘भाव पडल्यावर लोक कांदा सोडतात ना, तेव्हाच आपण लावायचा. गर्दीच्या उलट चालायचं.’’ एका वर्षी त्यांनी तसंच केलं. शेजारच्या बांधावर जाऊन बघितलं तर तिथेही कांदा. पलीकडच्याकडेही. प्रत्येकाने उलट चालायचं ठरवलं होतं आणि सगळे उलटे एकाच वाटेला लागले होते. त्या उन्हाळ्यात कांदा साठवायच्या चाळी भरल्या, आणि पावसाळ्यात त्यातला कांदा सडताना बघायची पाळी आली. चाळीशी जाऊन उभं राहिलं की तो वास छातीत भरायचा. दाजी दोन दिवस जेवले नाहीत.

यातून सुटायची वाट असते का? ब्रायन आर्थर या अर्थशास्त्रज्ञाने १९९४ मध्ये एक कोडं घातलं होतं. अमेरिकेत सँटा फे शहरात ‘एल फारोल’ नावाचा बार आहे. दर गुरुवारी तिथे संगीत असायचं. शंभर जणांना जायचंय, पण साठांपेक्षा जास्त जमले तर मजा जाते. गर्दी नसेल असं वाटलं तर जायचं. सगळ्यांनी एकच अंदाज बांधला तर तो अंदाज हटकून खोटा ठरतो. सगळ्यांना वाटलं गर्दी होणार, तर कुणीच जात नाही. सगळ्यांना वाटलं रिकामं असेल, तर शंभरही हजर. आर्थरने संगणकावर प्रत्येकाला वेगवेगळी युक्ती दिली. कुणी गेल्या आठवड्याचा आकडा बघतो, कुणी महिन्याची सरासरी, कुणी दोन आठवड्यांपूर्वीचा, आणि ज्याची युक्ती फसते तो दुसरी धरतो. कुणी कुणाशी बोलत नसतानाही सरासरी गर्दी साठाच्या आसपास येऊन राहिली. सगळे एकाच खिडकीतून बघत नव्हते, म्हणून.

हे मी दाजींना दिवाळीत ओट्यावर बसून सांगितलं, दहा मित्र, दाढ्या, बार, सगळं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘म्हणजे मी बाजारभाव बघतो तेच चुकतंय. भाव जुना असतो.’’ मी म्हटलं, ‘‘हो.’’ ते म्हणाले, ‘‘मग रोपं बघायला पाहिजेत.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन त्यांनी मोटारसायकल काढली. मी मागे बसले. उन्हाळ कांद्याची रोपं तेव्हा वाफ्यांत असतात, लांबून हिरव्या दोऱ्यांची चटई अंथरल्यासारखी दिसतात. दाजी प्रत्येक मळ्यापाशी गाडी हळू करायचे, हाताने वाफे मोजायचे आणि मला सांगायचे. मी माझ्या वर्गाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहीत होते. कुणाकडे किती रोप, गेल्या वर्षी किती होतं, जास्त की कमी. दुपारपर्यंत एकोणचाळीस मळे झाले.